फंक्शनला ‘फर्स्ट क्लास’ मागणारे स्ट्रेची

पीएचपीमध्ये ‘स्ट्रलेन’ हे नाव व्हेरिएबलमध्ये ठेवा आणि त्या व्हेरिएबललाच कॉल करा, चालतं. ‘इसेट’चं तसं करून बघा, एरर येईल. इसेट, इको ही फंक्शन्स नाहीतच, भाषेचेच भाग आहेत. हा भेद कुणाला समजावताना मला ख्रिस्तोफर स्ट्रेची आठवतात.

जन्म १९१६, लंडन. केंब्रिजला शिकले, मग हॅरोच्या शाळेत मास्तर झाले. शाळा सांभाळूनच कॉम्प्युटरसाठी ड्राफ्ट्स या पटावरच्या खेळाचा प्रोग्राम लिहायला घेतला. १९५२ मध्ये तो मँचेस्टरच्या मशीनवर चालला. पुढे त्यांनी सीपीएल या भाषेवर काम केलं. तिच्यातून बीसीपीएल, मग बी, मग सी. आणि पीएचपी लिहिलंय सीमध्येच!

१९६७ मध्ये कोपनहेगनला त्यांनी मुद्दा मांडला: ऑल्गॉलमध्ये आकडा कुठेही साठवता येतो, प्रोसीजर नाही. म्हणजे ती सेकंड क्लास. फंक्शनलाही आकड्याइतकाच मान हवा.

मग इसेट अजून सेकंड क्लास का? माझ्या मते ते योग्यच आहे. फंक्शनला कॉल करताना आधी आत दिलेल्या व्हेरिएबलची किंमत काढली जाते. व्हेरिएबलच नसेल तर तिथेच वॉर्निंग. इसेटला नेमकं तेच टाळायचं असतं.

स्ट्रेची १९७५ मध्ये, अवघ्या ५८ व्या वर्षी गेले. कोपनहेगनच्या नोट्स तोवर नुसत्या हातोहात फिरत होत्या. त्या रीतसर छापल्या गेल्या २००० मध्ये, पीएचपी ४ आलं त्याच वर्षी.