महेश्वरचा कारभार

मराठ्यांच्या इतिहासात तलवारीच्या बळावर नेतृत्व मिळविणारे वीर पुष्कळ होऊन गेले. मल्हारराव होळकर हे त्यांपैकी एक होत. मेंढपाळाच्या घराण्यात जन्मलेले मल्हारराव स्वपराक्रमाने माळव्याचे सुभेदार झाले. रणांगणात आघाडीवर राहून सैन्याला स्फूर्ती द्यावी, ही त्यांची रीत होती. त्यांच्या सून अहिल्याबाई यांचे नेतृत्व मात्र निराळ्या प्रकारचे होते.

अहिल्याबाईंचा जन्म १७२५ साली आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील चौंडी या गावी झाला. त्यांचे वडील माणकोजी शिंदे हे गावचे पाटील होते. मल्हाररावांचे पुत्र खंडेराव यांच्याशी अहिल्याबाईंचा विवाह झाला. परंतु १७५४ साली कुंभेरच्या वेढ्यात खंडेराव धारातीर्थी पडले. अहिल्याबाई सती जाण्यास निघाल्या असता मल्हाररावांनी त्यांचे मन वळविले. पुढे ते मोहिमेवर असत, तेव्हा वसुलाचे हिशेब पाहणे व फौजेस रसद पोहोचविणे ही कामे अहिल्याबाई दक्षतेने करू लागल्या.

१७६६ साली मल्हारराव निवर्तले आणि पुढच्याच वर्षी अहिल्याबाईंचे पुत्र मालेराव यांचाही अंत झाला. एखादा अल्पवयीन मुलगा दत्तक घेतला जावा आणि सत्ता आपल्या हाती राहावी, असा दिवाण गंगाधर यशवंत यांचा बेत होता. त्यासाठी त्यांनी राघोबादादांचे साहाय्य मागितले. राघोबादादा फौजेसह माळव्यात आले. तेव्हा अहिल्याबाईंनी आपले सैन्य सज्ज ठेवले आणि पुण्यास माधवराव पेशव्यांकडे न्याय मागितला. पेशव्यांनी त्यांचा अधिकार मान्य केला. राघोबादादांना न लढताच परतावे लागले.

यानंतर सर्व सत्ता आपल्याच हाती ठेवणे अहिल्याबाईंना शक्य होते. पण त्यांनी तसे केले नाही. मल्हाररावांच्या विश्वासातील शूर सरदार तुकोजी होळकर यांच्याकडे त्यांनी सैन्य सोपविले. स्वतः नर्मदेच्या तीरावरील महेश्वर येथे राहून त्या राज्यकारभार पाहू लागल्या. त्या रोज दरबारात बसत आणि रयतेची गाऱ्हाणी स्वतः ऐकून घेत. विणकरांना आश्रय देऊन त्यांनी महेश्वरचा वस्त्रोद्योग वाढविला.

एकदा तुकोजींचा तळ इंदूरजवळ पडला होता. तेथील एक धनाढ्य सावकार निपुत्रिक मरण पावला. काही स्वार्थी लोकांच्या सांगण्यावरून तुकोजींनी त्याच्या संपत्तीत वाटा मागितला. सावकाराच्या विधवेने तातडीने महेश्वर गाठले. अहिल्याबाईंनी तिची कैफियत ऐकली, सन्मानाची वस्त्रे देऊन सर्व संपत्तीवरील तिचा हक्क कायम केला आणि तुकोजींना तळ इंदुरापासून दूर हलविण्याची आज्ञा दिली. हाती मोठी फौज असूनही तुकोजींनी ती आज्ञा निमूटपणे पाळली.

१३ ऑगस्ट १७९५ रोजी अहिल्याबाईंचे देहावसान झाले. पुढे माळव्यात आलेल्या सर जॉन माल्कम या इंग्रज अधिकाऱ्याने त्यांची कीर्ती ऐकली. होळकरांचे आश्रित त्यांची स्तुती करणारच, या शंकेने त्याने इतरांकडेही कसून चौकशी केली. चौकशी जसजशी खोल गेली, तसतसा त्याचा आदर वाढतच गेला. १८२३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्याने हे नमूद केले आहे.

ज्याला जे काम साधते ते त्याच्यावर विश्वासाने सोपवावे. परंतु ते सोपविल्यावरही न्यायाची जबाबदारी आपलीच मानावी, हे अहिल्याबाईंच्या नेतृत्वाचे मर्म होय.