छायालेखक जेम्स वाँग हाऊ

चित्रपट पाहून परतणारा प्रेक्षक नटनटींची नावे घरी सांगतो. परंतु ज्याच्या दृष्टीने त्याने तो चित्रपट पाहिला, त्या छायालेखकाचे नाव त्यास क्वचितच ठाऊक असते. अशाच एका कलावंताचा परिचय आमच्या विद्यार्थी बंधुभगिनींस व त्यांच्या पालकांस करून देण्याचे आम्ही योजिले आहे.

जेम्स वाँग हाऊ यांचा जन्म चीनच्या कँटन प्रांतात २८ ऑगस्ट १८९९ रोजी झाला. वयाच्या पाचव्या वर्षी ते अमेरिकेस आले. वॉशिंग्टन संस्थानातील पास्को गावी त्यांच्या वडिलांचे दुकान होते. पितृछत्र लवकरच हरपले. तरुणपणी काही काळ मुष्टियुद्धे खेळून, १९१७ च्या सुमारास ते हॉलिवूडच्या एका चित्रपट कंपनीत अगदी हलक्या कामावर लागले. कॅमेऱ्याच्या खोलीची झाडलोट करणे व पुढे क्रमांकाची पाटी धरणे, एवढेच त्यांचे काम. तथापि त्यांचे लक्ष सदैव कॅमेऱ्याकडे असे.

त्या काळच्या फिल्मवर निळा रंग पांढुरका उमटे. त्यामुळे निळ्या डोळ्यांच्या मेरी माइल्स मिंटर या नटीचे डोळे चित्रात निस्तेज दिसत. हाऊ यांनी घेतलेल्या तिच्या छायाचित्रात मात्र ते गडद उमटले. हे कसे घडले, याचा त्यांनी शोध घेतला, तेव्हा समोरच्या काळ्या मखमलीचे प्रतिबिंब तिच्या डोळ्यांत पडले होते, असे त्यांस आढळले. मग त्यांनी कॅमेऱ्याभोवती काळी मखमल लावून तीच युक्ती चालत्या चित्रांत योजिली. १९२३ साली ते मुख्य छायालेखक झाले.

१९३१ च्या ‘ट्रान्सअटलांटिक’ चित्रपटात जवळचे व दूरचे दोन्ही पदार्थ एकाच वेळी स्पष्ट दिसावेत, अशी योजना त्यांनी केली. १९४७ च्या ‘बॉडी अँड सोल’ मध्ये मुष्टियुद्धाचा प्रसंग टिपण्यासाठी तर पायांस चाके बांधून, हाती कॅमेरा घेऊन ते रिंगणात फिरले!

एवढा नामांकित पुरुष. परंतु कायद्याच्या दृष्टीने तो परकाच होता. चिनी मनुष्यास अमेरिकेचे नागरिक होण्याची मुभा १९४३ पर्यंत नव्हती. लेखिका सनोरा बॅब यांच्याशी त्यांचा विवाह १९३७ साली पॅरिस येथे झाला; परंतु कॅलिफोर्नियात गोऱ्या व चिनी व्यक्तींच्या विवाहास मनाई असल्यामुळे तेथे तो मान्य झाला नाही. १९४८ साली तेथील न्यायालयाने ती मनाई रद्द केली.

‘द रोझ टॅटू’ (१९५५) व ‘हड’ (१९६३) या दोन कृष्णधवल चित्रपटांबद्दल त्यांस ऑस्कर पारितोषिके मिळाली. १९७६ साली त्यांचे निधन झाले.

गुणवंतास न्याय आपोआप मिळतो, असे हे चरित्र आम्हांस सांगत नाही. हाऊ यांस कीर्ती आधी मिळाली, हक्क मागाहून. आणि ते हक्क त्यांच्या कलेने नव्हे, तर कायदा बदलल्याने मिळाले. म्हणून आपल्या वर्गातील परक्या मुलाची ओळख करून घेताना, तो मोठा कलावंत ठरेपर्यंत आम्ही थांबू नये.