राम जोशी

राम जगन्नाथ जोशी (सुमारे १७६२ – सुमारे १८१२) हे उत्तर पेशवाईतील मराठी शाहीर, लावणीकार व कीर्तनकार होते. त्यांच्या आरंभीच्या लावण्या त्यांनी स्वतःच्या फडासाठी नव्हे, तर दुसऱ्या शाहिराला गाण्यासाठी रचून दिल्या होत्या.

जीवन
राम जोशी यांचा जन्म सोलापुरातील एका विद्वान ब्राह्मण कुटुंबात झाला. त्यांचे थोरले बंधू मुद्गल जोशी हे व्युत्पन्न पंडित होते. राम जोशींचा ओढा मात्र तमाशाकडे होता. सोलापुरातील धोंडी शाहीर यांच्या फडात त्यांचे जाणे-येणे असे आणि त्या फडासाठी ते लावण्या रचून देत. तमाशाच्या फडात ब्राह्मणाने वावरणे त्या काळी निंद्य मानले जाई. त्यामुळे बंधूंनी त्यांना घराबाहेर काढले.

त्यानंतर राम जोशी पंढरपूरला गेले. तेथे बाबा पाध्ये यांच्याकडे त्यांनी संस्कृत काव्यशास्त्राचे अध्ययन केले. पुढे त्यांनी कीर्तनेही केली आणि स्वतःचा फडही उभारला. बया आणि चिमा या त्यांच्या फडातील प्रसिद्ध कलावतीण होत्या.

मोरोपंतांशी संबंध
बारामतीचे पंडितकवी मोरोपंत (१७२९–१७९४) हे राम जोशींच्या प्रतिभेचे चाहते होते. मोरोपंतांच्या आग्रहावरून राम जोशी कीर्तनाकडे वळले, असे परंपरेने सांगितले जाते. मोरोपंतांची आर्या संस्कृतप्रचुर असल्याने सामान्य श्रोत्यांना अवघड वाटे. राम जोशींनी आपल्या कीर्तनांतून ती गाऊन लोकांपर्यंत पोहोचवली. तरुणपणी आपली रचना दुसऱ्याच्या कंठात देणाऱ्या या कवीने पुढे दुसऱ्याच्या रचनेला आपला कंठ दिला.

काव्य
राम जोशींनी शृंगारिक लावण्यांबरोबरच उपदेशपर आणि देवतास्तुतीच्या लावण्याही लिहिल्या. यमक, अनुप्रास आणि संस्कृत शब्दकळा ही त्यांच्या रचनेची वैशिष्ट्ये होत. एकाहून अधिक भाषांचा मेळ घातलेली रचनाही त्यांनी केली.

त्या काळी लावणी मुख्यतः तोंडी परंपरेने पसरत असे. एका फडातील लावणी दुसऱ्या फडात गेली, की रचनाकाराचे नाव मागे पडण्याचा संभव असे. शेवटच्या कडव्यात गुंफलेली नाममुद्रा हाच कर्तृत्वाचा पुरावा ठरे. राम जोशींच्या लावण्यांत ‘कविराय’ ही मुद्रा आढळते.

चित्रपट
त्यांच्या जीवनावर १९४७ साली राजकमल कलामंदिरचा ‘लोकशाहीर राम जोशी’ हा चित्रपट प्रदर्शित झाला. त्यात जयराम शिलेदार यांनी राम जोशींची, तर हंसा वाडकर यांनी बयाची भूमिका केली. संगीत वसंत देसाई यांचे होते. ग. दि. माडगूळकरांच्या गीतांबरोबरच राम जोशींच्या मूळ रचनाही चित्रपटात घेतल्या गेल्या. त्यामुळे सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या या लावण्या नव्या गायकांच्या आवाजात पुन्हा घराघरांत पोहोचल्या.