इब्न अल् हैसम : पाहणे आणि ओळखणे

एस. टी.च्या पाटीवर ‘परभणी’ हा शब्द दिसताच तुम्ही तो अक्षरे न जुळवता वाचता. पहिलीतल्या मुलाला मात्र प, र, भ असे अडखळत जावे लागते. डोळे दोघांचे सारखेच, मग फरक कुठे? सुमारे १००० वर्षांपूर्वी ‘अबजद’ हा शब्द घेऊन नेमका हाच विचार मांडणारे विद्वान म्हणजे इब्न अल् हैसम.

त्यांचा जन्म इ. स. ९६५च्या सुमारास इराकमधील बसरा येथे झाला. नाईलच्या पाण्याचे नियमन करता येईल, असे ते म्हणत. ते ऐकून इजिप्तचा खलिफा अल् हाकिम याने त्यांना बोलावून घेतले. जायकवाडीच्या डाव्या कालव्यावर ज्यांची शेती भिजते, त्यांना या कल्पनेचे मोल वेगळे सांगायला नको. अस्वानकडे पाहणी केल्यावर मात्र हे काम आपल्या हातून होणारे नाही, हे त्यांनी ओळखले व तसे कबूलही केले. (तिथले मोठे धरण १९७० साली पुरे झाले!) खलिफा लहरी आणि क्रूर. जुने चरित्रकार सांगतात की, जीव वाचविण्यासाठी त्यांनी वेडाचे सोंग घेतले आणि १०२१ साली खलिफाचा अंत होईपर्यंत ते स्थानबद्ध राहिले. पुढे अल् अझहरजवळ राहून ग्रंथांच्या नकला विकून ते गुजराण करीत.

‘किताब अल् मनाझिर’ हा त्यांचा सात भागांचा ग्रंथ. त्यात ते म्हणतात की, डोळ्याला आपसूक कळतात ते फक्त प्रकाश आणि रंग. वस्तू कोणती, हे मन पूर्वी पाहिलेल्याशी ताडून ठरवते. हे इतक्या झटकन घडते की आपल्याला पत्ताही लागत नाही. दोन सफरचंदांतले सुरेख तेवढे उचलणारे लहान मूलही तुलनाच करीत असते. रंग कळायलाही क्षणभर वेळ लागतो, हे दाखविण्यासाठी त्यांनी साधा भोवरा घेतला. निरनिराळ्या रंगांचे पट्टे ओढलेला भोवरा फिरवून पाहा, एकच मिसळलेला रंग दिसेल.

पाहण्याचा शेवट मेंदूच्या पुढच्या भागात होतो, ही त्यांची समजूत मात्र टिकली नाही. दृष्टीचा संदेश मेंदूच्या मागच्या भागात पोचतो. आपल्याप्रमाणेच वानराच्या डोळ्यातही रंग टिपणाऱ्या तीन प्रकारच्या पेशी असतात, म्हणून हिरव्या पाल्यातले पिकले फळ त्याला दिसते. माकडांवरील प्रयोगांत असे आढळले की, वस्तू ओळखण्याचे काम मुख्यतः कानशिलाकडच्या भागात चालते आणि सरावाने तिथल्या पेशींचा प्रतिसाद बदलतो.

१०४०च्या सुमारास कैरोत त्यांचे निधन झाले. त्यांच्या ग्रंथाचे लॅटिन भाषांतर १५७२ साली बाझेलला छापले गेले.