लोखंडी नांगराचे कारागीर : लक्ष्मणराव किर्लोस्कर

शेतकरी बंधूंनो, तुमच्यापैकी ज्यांनी साठी ओलांडली आहे, त्यांच्या घराच्या मागच्या पडवीत अजून एखादा गंजलेला लोखंडी नांगर पडला असेल. ट्रॅक्टर आल्यापासून त्याला कोणी हात लावत नाही. पण हा नांगर आपल्या मुलखात पहिल्यांदा कोणी तयार केला, आणि तो माणूस हे काम शिकला कसा, हे ऐकण्यासारखं आहे. दहावी-बारावी झालेला मुलगा घरात असेल, तर जरूर ऐका.

लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूर गावी झाला. शाळेच्या पुस्तकात त्यांचं मन फारसं रमत नसे. ओढ होती ती चित्रकलेची आणि यंत्रांची. वडिलांना हे पसंत नव्हतं. पण थोरले बंधू रामूअण्णा पाठीशी उभे राहिले आणि १८८५ साली लक्ष्मणराव मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले.

तिथं दोन वर्षांत एक अडचण उघडी पडली. त्यांना काही रंगांतला फरकच कळत नव्हता. रंगांधळ्या माणसानं चित्रकार कसं व्हायचं? दुसरा कोणी असता तर गाठोडं बांधून गावी परतला असता. लक्ष्मणरावांनी रंग सोडले, रेषा सोडल्या नाहीत. यंत्रांचे आराखडे काढण्याचं शिक्षण त्यांनी पुढं चालू ठेवलं. त्या जोरावर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये त्यांना आराखडे शिकवणाऱ्या सहायक शिक्षकाची नोकरी मिळाली.

मास्तर वर्कशॉपमध्ये

खरं शिक्षण इथून सुरू झालं, बरं का. तास संपला की हे मास्तर घरी जायच्या ऐवजी संस्थेच्या वर्कशॉपमध्ये जायचे. कोणतं यंत्र कसं चालतं, कुठला भाग कशावर फिरतो, हे ते तिथं हातानं काम करत शिकले. कागदावर रेघ मारणं आणि लोखंडावर तीच रेघ उतरवणं यात मोठं अंतर आहे. कागद चूक खपवून घेतो. लोखंडावर कानस सूतभर जास्त चालली, तर भाग वाया जातो. हे ज्ञान पुस्तकातून येत नाही, हाताला फोड आले की येतं.

सुट्या वेळात आणखी एक उद्योग चाले. १८८८ साली दोघा भावांनी बेळगावात सायकलचं छोटं दुकान काढलं होतं. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवायचे, रामूअण्णा त्या विकायचे, दुरुस्त करायचे आणि गिऱ्हाइकाला चालवायलाही शिकवायचे. पुढं नोकरीत बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलून दुसऱ्याला जागा दिली गेली. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि ते बेळगावला आले. पगाराची नोकरी सोडून हातात हत्यार घेणं, हे त्या काळी पांढरपेशा घरात कोणाला रुचण्यासारखं नव्हतं.

नांगर घ्यायला कोणी तयार नाही

सायकलच्या दुकानाला जोडून त्यांनी लहानसं वर्कशॉप उभं केलं. आजूबाजूला सगळी शेती. मग शेतकऱ्याला लागेल तेच करायचं असं ठरवलं. आधी कडबा कापायचं यंत्र केलं. वैरणीची नासाडी वाचते हे लोकांना समोर दिसत होतं. मग १९०३ साली लोखंडी नांगर तयार केला.

आपला लाकडी नांगर जमीन फोडतो, पण उलथत नाही. लोखंडी नांगर माती उलटी करतो, हरळीच्या मुळ्या वर आणतो. फायदा उघड होता. तरीही नांगर खपेना! लोखंड लागलं की जमिनीला विष चढतं, अशी समजूत होती. पहिले नांगर विकायला दोन वर्षं लागली.

बंधूंनो, यात नुसता शेतकऱ्याचा अडाणीपणा पाहू नका. त्याच्याकडं एक बैलजोडी, चार एकर रान आणि डोक्यावर सावकार. नवीन अवजार फसलं तर वर्ष बुडणार. शिवाय नांगर करणं हीही सोपी गोष्ट नव्हती. फाळ मऊ राहिला तर महिन्यात झिजतो. फार कडक झाला तर दगडाला लागून तुटतो. ओतकाम किती तापवायचं, किती निववायचं, हे करून बघत बघतच कळतं. अवजाराचा खरा परीक्षक शेतकरी असतो, हे लक्ष्मणरावांनी ओळखलं. रानात तो टिकेल असं करेपर्यंत ते थांबले नाहीत.

निवडुंगाच्या माळावर कारखाना

धंदा थोडा बसतोय तोच बेळगावची जागा सोडण्याची पाळी आली. अशा वेळी औंधचे राजे श्रीमंत भवानराव पंतप्रतिनिधी मदतीला आले. त्यांनी कुंडल रोड स्टेशनाजवळचा बत्तीस एकर माळ आणि दहा हजार रुपये कर्ज दिलं. माळ कसला, तर निवडुंग आणि साप! १९१० साली पंचवीस कामगार आणि त्यांची कुटुंबं तिथं राहायला आली. तीच आज सांगली जिल्ह्यातली किर्लोस्करवाडी.

या माळावर शिकलेले इंजिनिअर कुठून येणार? लक्ष्मणरावांनी माणसाचं सर्टिफिकेट पाहिलं नाही, त्याचा हात आणि नियत पाहिली. शंभुराव जांभेकरांकडं मोठी पदवी नव्हती, अनंतराव फळणीकरांचं शिक्षण अर्ध्यावर सुटलं होतं. दोघेही कारखान्याचे आधारस्तंभ झाले. शिक्षा भोगून आलेल्या माणसांना त्यांनी रात्रीचे पहारेकरी नेमलं. वाडीत शिवाशिव पाळायची नाही, असा दंडक घातला.

पहिल्या महायुद्धात लोखंड आणि कोळसा मिळेनासा झाला. तेव्हा शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानातल्या जुन्या तोफा वितळवण्यासाठी दिल्या. तोफांचे नांगर झाले! १९२६ साली वाडीत पाण्याचा पंप तयार झाला आणि मोटेवरच्या बैलांची सुटका जवळ आली. त्याच सुमारास मुलगा शंतनुराव अमेरिकेतून इंजिनिअर होऊन परतले. लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ रोजी गेले, तोवर नांगरापासून सुरू झालेला हा उद्योग ऑइल इंजिनं, विजेच्या मोटारी आणि यंत्रं घडवणाऱ्या यंत्रांपर्यंत पोचला होता.

आता आपल्या पोरांचं काय?

ही गोष्ट सांगण्याचं कारण असं. वाटण्या होऊन जमिनीचे तुकडे पडले. पोरगा पदवी घेतो, चार वर्षं परीक्षांचे अर्ज भरतो आणि पारावर बसतो. आयटीआयचं नाव काढलं की आपल्याला कमीपणा वाटतो. पण फिटर, टर्नर, मशिनिस्ट हे कोर्स दोन वर्षांचे, वेल्डरचा एक वर्षाचा. पुढं १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याखाली कारखान्यात विद्यावेतन घेऊन प्रत्यक्ष काम शिकता येतं. मुलींनाही ही दारं उघडी आहेत.

कोणी म्हणेल, आता सगळी यंत्रं कॉम्प्युटरवर चालतात, हाताच्या कामाला कोण विचारतो? सीएनसी मशीन आपणहून धातू कापतं हे खरं. पण नकाशा वाचून त्याला हुकूम द्यायला, जॉब नीट बांधायला, हत्यार झिजलं की ओळखायला आणि मायक्रोमीटरनं माप तपासायला माणूसच लागतो. लक्ष्मणराव सव्वाशे वर्षांपूर्वी जे दोन धडे शिकले, आराखडा वाचणं आणि लोखंडाची जात ओळखणं, तेच आजही कामाला येतात.

पहिल्या वर्षी पोराचे हात काळे होतील, पगार थोडा दिसेल. लोखंडी नांगरालाही दोन वर्षं गिऱ्हाईक नव्हतं. तेवढा धीर धरावा लागेल. सरपंचांनी आणि गावच्या अधिकाऱ्यांनी एवढं करावं : दहावीचा निकाल लागला की प्रवेशाची माहिती चावडीवर लावावी आणि पोरांचे उत्पन्नाचे, जातीचे दाखले प्रवेशाच्या तारखेआधी हातात पडतील हे पाहावं. दाखल्यावाचून पोराचं एक वर्ष फुकट जाऊ देऊ नये.