जगदीशचंद्र बोस

सर जगदीशचंद्र बोस (३० नोव्हेंबर १८५८ – २३ नोव्हेंबर १९३७) हे भारतीय भौतिकशास्त्रज्ञ व वनस्पतिशास्त्रज्ञ होते. आरंभी त्यांनी रेडिओलहरींवर संशोधन केले. पुढे उष्णता, प्रकाश, स्पर्श अशा बाह्य उद्दीपनांना वनस्पती देत असलेला प्रतिसाद मोजण्यात त्यांनी आयुष्य वेचले.

जीवन

बोस यांचे घराणे आता बांगलादेशात असलेल्या विक्रमपूर भागातील होते. वडील भगवानचंद्र यांनी त्यांना प्रथम बंगाली शाळेत घातले. कोलकाता, केंब्रिज व लंडन येथील शिक्षणानंतर १८८५ मध्ये ते कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवू लागले. युरोपीय प्राध्यापकांपेक्षा कमी वेतन देऊ केल्याने त्यांनी तीन वर्षे वेतन न स्वीकारता अध्यापन केले. अखेरीस त्यांना पूर्ण वेतन थकबाकीसह मिळाले.

वनस्पतींवरील संशोधन

वनस्पतींची वाढ इतकी मंद असते की ती डोळ्यांना दिसत नाही. ती नोंदवण्यासाठी बोस यांनी क्रेस्कोग्राफ हे उपकरण तयार केले. तरफांच्या योजनेमुळे शेंड्याची हालचाल सुमारे १०,००० पट मोठी होऊन काजळी धरलेल्या काचेवर उमटत असे. तापमान, खते, विषारी द्रव्ये व विद्युतप्रवाह यांमुळे वाढीचा वेग कसा बदलतो, हे त्यामुळे काही मिनिटांतच दिसू लागले.

फरीदपूर येथील खजुराचे एक झाड संध्याकाळी वाकत असे व सकाळी पुन्हा उभे राहत असे. लोक त्यास चमत्कार मानीत. बोस यांनी झाडाला स्वयंनोंदणी यंत्र जोडले. तापमान वाढले की झाड खाली कलते व तापमान उतरले की वर उठते, असे नोंदींवरून आढळले.

विरोध व मान्यता

१९०१ मध्ये लंडनच्या शरीरक्रियाशास्त्रज्ञांनी बोस यांच्या निष्कर्षांवर आक्षेप घेतले व रॉयल सोसायटीने त्यांचा निबंध छापला नाही. १९१७ मध्ये त्यांनी कोलकात्यात बोस विज्ञान मंदिर स्थापन केले. १९२० मध्ये लंडनमध्ये क्रेस्कोग्राफविषयीही शंका घेण्यात आली. तेव्हा त्यांनी शास्त्रज्ञांसमोर प्रयोग करून दाखवला व त्यांनी नोंदी विश्वसनीय ठरवल्या. त्याच वर्षी ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले.

मूल्यमापन

वनस्पतींतील रस वर चढण्याविषयीची त्यांची उपपत्ती पुढे मान्य झाली नाही. मात्र वनस्पतींमध्ये विद्युत-संकेत वाहतात, हे त्यांचे प्रतिपादन आज स्वीकारले गेले आहे. गिरिडीह येथे त्यांचे निधन झाले.