अन्नस्वावलंबनाचा ध्यास घेतलेले वसंतराव नाईक

भरतीचे पाणी बांध फोडून शेतात शिरले की पनवेल परिसरातील खाडीकाठची भातशेती खारटून जाते. अशा जमिनीतही पीक हाती लागावे म्हणून पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने क्षार सहन करणाऱ्या भाताच्या पनवेल-१, पनवेल-२ आणि पनवेल-३ या जाती विकसित केल्या. हे केंद्र दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचे. ज्यांच्या मुख्यमंत्रिपदाच्या काळात हे विद्यापीठ उभे राहिले, ते वसंतराव फुलसिंग नाईक मात्र समुद्रापासून शेकडो मैल दूर असलेल्या कोरडवाहू मुलखाचे सुपुत्र होते.

यवतमाळ जिल्ह्यातील पुसदजवळच्या गहुली या गावी १ जुलै १९१३ रोजी एका बंजारा शेतकरी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. नागपूरला कायद्याचे शिक्षण घेतल्यावर त्यांनी काही काळ अमरावतीस डॉ. पंजाबराव देशमुख यांच्यासमवेत वकिली केली आणि पुढे पुसदला व्यवसाय थाटला. १९४१ मध्ये वत्सला घाटे यांच्याशी त्यांनी आंतरजातीय विवाह केला. पुसदचे नगराध्यक्षपद, १९५२ मध्ये आमदारकी, त्यानंतर उपमंत्रिपद आणि द्विभाषिक मुंबई राज्यात कृषिमंत्रिपद अशी त्यांची वाटचाल झाली. मारोतराव कन्नमवार यांच्या निधनानंतर डिसेंबर १९६३ मध्ये ते मुख्यमंत्री झाले आणि १९७५ पर्यंत त्या पदावर राहिले.

त्यांनी सूत्रे हाती घेतली तेव्हा देश अन्नटंचाईच्या उंबरठ्यावर होता. पुढील दोन-तीन वर्षांत पाऊस रुसला आणि अमेरिकेहून आलेला गहू व मिलो ज्वारी यांवर रेशन दुकानांची भिस्त राहिली. हे परावलंबन वसंतरावांना सलत होते. राज्य दोन वर्षांत अन्नधान्यात स्वयंपूर्ण न झाल्यास आपल्याला फासावर द्यावे, इतक्या टोकाची प्रतिज्ञा त्यांनी १९६५ मध्ये जाहीरपणे केली. संकरित ज्वारीचे बियाणे, खते, विहिरी व बंधारे यांचा त्यांनी हिरिरीने प्रसार केला.

परंतु बियाण्यावर रोग पडला, कीड आली किंवा जमीन बिघडली तर उत्तर कोण देणार? तोवर कृषी महाविद्यालये सर्वसाधारण विद्यापीठांना जोडलेली होती आणि संशोधनाचे काम शासनाचा कृषी विभाग पाहत असे. शिक्षण, संशोधन आणि विस्तार ही तिन्ही कामे एका छत्राखाली आणणारे देशातील पहिले कृषी विद्यापीठ १९६० मध्ये पंतनगरला सुरू झाले होते. महाराष्ट्रात असे विद्यापीठ १९६८ मध्ये स्थापन झाले व त्याचे मुख्यालय पुढे राहुरीस आले.

एकाच विद्यापीठाच्या निर्णयाने विदर्भात असंतोष उसळला. अकोल्याला विद्यापीठ मिळावे यासाठी १९६७ मध्ये झालेल्या आंदोलनात तरुणांचे बळी गेले. मुख्यमंत्री स्वतः वैदर्भीय असताना हे घडावे, ही त्यांच्या कारकिर्दीतील एक वेदनादायी नोंद आहे. अखेर २० ऑक्टोबर १९६९ रोजी अकोल्यास पंजाबरावांच्या नावाने स्वतंत्र विद्यापीठ झाले. १८ मे १९७२ रोजी परभणी व दापोली येथील विद्यापीठे अस्तित्वात आली. काळी कपाशीची माती, दुष्काळी पठार, मराठवाड्याची ज्वारी आणि कोकणातील खारजमीन यांचे प्रश्न निरनिराळे असल्याने त्यांवरील संशोधनही त्या त्या मातीतच होऊ लागले.

त्याच वर्षीच्या भीषण दुष्काळाने स्वयंपूर्णतेच्या प्रतिज्ञेची मर्यादा दाखवून दिली. पीक बुडाल्यावर हाताला काम देणे हाच अन्नाचा मार्ग ठरला आणि रोजगार हमी योजनेचा पाया याच काळात घातला गेला.

पनवेलच्या बाबतीत या कारकिर्दीची दुसरी बाजूही नमूद केली पाहिजे. त्यांच्याच काळात, १७ मार्च १९७० रोजी, सिडकोची स्थापना झाली आणि नव्या मुंबईसाठी ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गावांची जमीन घेण्याचे ठरले. त्यात भातशेती होती, मिठागरे होती. खारजमिनीत पिकणारे बियाणे विद्यापीठ देऊ शकते. गेलेली जमीन परत देणे मात्र त्याच्या हाती नसते.

१८ ऑगस्ट १९७९ रोजी सिंगापूर येथे वसंतरावांचे निधन झाले. त्यांची जयंती महाराष्ट्रात कृषी दिन म्हणून साजरी होते आणि जन्मशताब्दीच्या वर्षी, २०१३ मध्ये, परभणीच्या विद्यापीठाला त्यांचे नाव देण्यात आले. धान्याची कोठारे एका वर्षाच्या अवर्षणात रिकामी होतात. शेतकऱ्याच्या बांधापर्यंत पोहोचणारे ज्ञान मात्र पुढच्या पेरणीलाही उपयोगी पडते, हे जाणून चार विद्यापीठे उभी करणारा हा नेता म्हणूनच आजही स्मरणात आहे.